मांजर आणि फरशीवरचे फिनेल

प्रश्न : आमच्याकडे मांजर आहे. फरशी रोज फिनेलने पुसतो, कपाटात डांबराच्या गोळ्या असतात. यांचा तिला अपाय होईल का? ताप आल्यास पॅरासिटामॉलचा तुकडा द्यावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तोच सर्वांत घातक आहे. पॅरासिटामॉल अजिबात देऊ नये. हे औषध निरुपद्रवी करणारी यकृतातील यंत्रणा मांजरांमध्ये फार दुबळी असल्याने ५०० मिलिग्रॅमची एकच गोळीही जीवघेणी ठरू शकते. हिरड्या तपकिरी वा निळसर होतात, तोंड व पंजे सुजतात आणि श्वास लागतो.

फिनेलमधील फिनॉलवर्गीय द्रव्यांनाही मांजर याच कारणाने लवकर बळी पडते. ती बाटलीला तोंड लावत नाही, हे खरे. परंतु ओल्या फरशीवरून चालते आणि मग निवांत बसून पंजे चाटते. तेव्हा साध्या पाण्याने पुसावे किंवा फिनेल वापरल्यावर फरशी पुन्हा धुऊन, पूर्ण वाळल्यावरच तिला आत घ्यावे. पंजे भिजलेच, तर सौम्य साबणाने धुवावेत.

डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून त्या काढूनच टाकाव्यात.

काही पोटात गेल्याची शंका आल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. फिनेल वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. लक्षणांची वाट न पाहता वेष्टन वा बाटली सोबत घेऊन पशुवैद्यकांकडे जावे.