पाझर तलावाच्या कडेला अर्धा एकर गाळाची जागा आहे. थंडीत रानबदकं यावीत म्हणून काय पेरू? मका चालेल का?

मका नको. दाणे नेऊन टाकायचं तर डोक्यातूनच काढा.

मका पेरायचा, उभ्या पिकात पाणी सोडायचं, हे अमेरिकेतलं. तिथं बदकं मारायला परवानगी आहे, म्हणून ती हंगामात बंदुकीसमोर यावीत यासाठी एवढा खटाटोप. तिथंही दाणे फेकून त्यावर शिकार करणं गुन्हा आहे, उभं पीक चालतं. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारच बंद. शिवाय तिकडं मक्याबरोबर जे जपानी मिलेट पेरतात, तो आपल्या भातातल्या सावाचाच भाऊबंद. आपण तो मजुरी देऊन उपटतो!

माझं शिरोळ तालुक्यात चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारं रान आहे. ऊस लावला की पिवळा पडतो. आमचे दाजी कधीपासून मागं लागलेत, सच्छिद्र पाइप पुरून निचरा काढ आणि लावण कर. वरच्या अंगाला काढलाही. खालचा तुकडा मात्र मुद्दाम ठेवलाय. उन्हाळ्यात सुकू देतो, पाणकणीस माजू नये म्हणून एकदा कुळवतो, बस्स. पावसावर सावा, लव्हाळा आपोआप येतो. बी पिकून गळालं की बांध घालून पाणी अडवतो, तेही वीतभरच. तलवार बदक, हळदी-कुंकू बदक ही काही बुड्या मारणारी नव्हेत, शेपटी वर करून मान पोचेल तेवढंच खातात. तुमच्या तलावात पुरुषभर पाणी असलं तर काठावर काहीही पेरा, उपयोग शून्य. बियांबरोबर चिखलातल्या गोगलगायी, अळ्याही त्यांना लागतात. नुसत्या मक्यात ते कुठलं?

दाजी आले ते भर दुपारी. रिकामं पाणी बघून म्हणाले, "बदकं कुठायत? डासच पाळलेत की!" अहो, दिवसा ती मोठ्या पाण्यावर बसतात, चरायला अंधार पडल्यावर येतात. चिखलातले पंजे दाखवले, पिसं दाखवली. रात्री अडई बदकाची शिट्टी ऐकवली, तर म्हणे टिटवी असेल. कोल्हापुरात कुणाच्याही लग्नात भेटले की चार माणसांत तेच सांगतात. एकरी टन मोजणाऱ्या माणसाला ओली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीनच दिसते. त्यांच्या रानात कधी साधा बगळा तरी उतरतो का, विचारा.

पेरायचीच हौस असेल तर भात टाका आणि थोडं न कापता ठेवा. औषध लावलेलं बी मात्र नको, पाखरं मरतात. आणि हो, पाझर तलावाची बुडीत जागा बहुधा सरकारी असते, कुळव घालण्याआधी विचारून घ्या. शेजारी हरभरा किंवा गहू असेल तर त्यांनाही आधीच सांगा, कारण पट्टकदंब, म्हणजे रानहंस आले तर कोवळे कोंब खाणार आणि बोलणी तुम्ही खाणार. तुमच्या घरात कुणी दाजी असतील तर त्यांना रात्री आठनंतरच बोलवा.