गोचीडताप आणि हातात थोडे पैसे

कुत्रा दोन दिवस जेवला नाही म्हणतोस, तर आधी ओठ वर करून हिरड्या बघ. पांढुरक्या दिसल्या तर गोचीडताप असू शकतो, थांबू नकोस. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळीच ने आणि पैशांची अडचण डॉक्टरांना आधीच सांग, यात लाज कसली? डॉक्सीसायक्लिन (जंतूंवरचं अँटिबायोटिक) लिहून दिली तर गोळ्या महाग नसतात, पण साधारण 4 आठवडे चालतात. आमचा मोती पाचव्याच दिवशी पेजेवर तुटून पडला, तरी आम्ही कोर्स सोडला नाही. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात देऊ नकोस रे, जीव जाईल. गोचीड मारायला रॉकेलही चोळू नको. कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोध. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढ. आणि पडवीतलं त्याचं गोणपाट आजच जाळ.