ऋषिकेशला पहिल्यांदा जाणाऱ्याने राफ्टिंग कोठून करावे आणि आणखी काय पाहावे?

पहिलीच वेळ असेल, तर शिवपुरीहून ऋषिकेशपर्यंतचा सुमारे 16 किलोमीटरचा टप्पा निवडावा, कारण ‘रोलर कोस्टर’ आणि ‘गोल्फ कोर्स’ या दोन दमदार रॅपिड्सचा (नदीतील खळाळत्या, वेगवान प्रवाहांचा) थरार त्यात मिळतो आणि मधल्या संथ पाण्यात दम घ्यायलाही सवड असते. वरच्या कौडियालाकडील पट्ट्यात ‘द वॉल’ नावाची रॅपिड बोट सहज उलटवते. तो भाग अनुभवी मंडळींसाठीच ठेवावा. पावसाळ्यात, साधारणपणे जुलै-ऑगस्टमध्ये, गंगेला पूर असल्याने राफ्टिंग बंद असते. मार्च ते मे हा काळ सुखकर वाटतो, मात्र तेव्हाही पाणी बर्फाळ असते, त्यामुळे पोहता येत असले तरी लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळून घ्यावेत आणि मार्गदर्शकाच्या आज्ञा निमूटपणे पाळाव्यात.

दुसरा दिवस नदीपासून दूर घालवावा. पहाटे अंधारात निघून कुंजापुरी देवीच्या मंदिरापर्यंत गाडीने जावे. सुमारे 1,600 मीटर उंचीवरून, आकाश स्वच्छ असल्यास, हिमशिखरांमागून सूर्य वर येताना दिसतो. परतीची वाट पायी उतरता येते. नीरगढचा धबधबा जवळच आहे, पण सुट्टीच्या दिवशी तेथे जत्रा भरलेली असते.