अपडेट झालं, पण जुनी लायब्ररी मेमरीतच!

प्रश्न : माझ्याकडे लिनक्सचा एक सर्व्हर आहे. ओपनएसएसएलची (इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारी लायब्ररी) नवी आवृत्ती टाकली, तरी चालू सेवा जुनीच लायब्ररी वापरताना दिसतात. मेमरीतला कॅश रिकामा केला, एलडीकॉन्फिग चालवून पाहिलं, फरक नाही. जुनी लायब्ररी मेमरीतून काढायची कशी? दर वेळी रीबूटच करायचं का?

उत्तर : लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायचा कोड. ती बाहेरून ओढून काढता येत नाही. तिला धरून बसलेली प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, बंद करून पुन्हा सुरू करायची, हाच उपाय. रीबूट मात्र दर वेळी लागत नाही.

लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. पॅकेज मॅनेजर नवी फाइल शेजारी उतरवून घेतो आणि मग जुनीचं नाव तिला देतो. जुनी बिननावाची होते, पण कुणी ती वापरत असेल तोवर डिस्कवरून जात नाही. ही सोय चांगलीच आहे, तिच्यामुळेच अपडेट चालू असताना सेवा कोसळत नाहीत. (म्हणून लायब्ररीवर हाताने नवी फाइल कॉपी करू नका. तेव्हा तीच फाइल चालू प्रोसेसच्या पायाखालून बदलते आणि प्रोसेस आपटते.) कॅश रिकामा केल्याने मेमरीतली वापरात नसलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) तेवढी जातात, आणि समजा वापरातली गेली तरी प्रोसेस ती पुन्हा त्याच जुन्या फाइलमधून वाचणार. एलडीकॉन्फिग तर यापुढे सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमना पत्ता सांगतं, आधीपासून चालू असलेल्यांशी त्याचा संबंध नाही.

हे मी एप्रिल २०१४ मध्ये शिकलो. ७ तारखेला हार्टब्लीड, म्हणजे ओपनएसएसएलमधलं सुरक्षेचं भोक, जाहीर झालं. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा बाहेर काढता येत होता, त्यात सर्व्हरची खाजगी की (गुप्त किल्ली) सुद्धा असू शकत होती. मी त्याच रात्री दुरुस्त लायब्ररी टाकली, नव्या की बनवल्या, वेब सर्व्हर रीस्टार्ट केला. मेलची सेवा तुटू नये म्हणून ती फक्त रीलोड केली, म्हणजे बंद न करता सेटिंग पुन्हा वाचायला लावली. ओपनएसएसएलची आवृत्ती विचारली तर कमांड नवीच सांगत होती. सांगणारच! ती कमांड म्हणजे त्या क्षणी सुरू झालेली नवी प्रोसेस. सकाळी प्रॉक फोल्डरमध्ये (तिथे प्रत्येक चालू प्रोसेसची माहिती असते) मेलच्या प्रोसेसचा क्रमांक शोधून तिची मॅप्स फाइल, म्हणजे तिने मेमरीत घेतलेल्या फाइलींची यादी, उघडली. लिबएसएसएल या ओपनएसएसएलच्या फाइलच्या ओळीच्या शेवटी कंसात शब्द होता : डिलीटेड. रीलोडने सेटिंग आणि की नव्याने वाचल्या जातात, लायब्ररी तीच राहते. म्हणजे कोरी की मी रात्रभर त्याच भोक पडलेल्या लायब्ररीच्या हाती दिली होती. सगळ्या की दुसऱ्यांदा बनवाव्या लागल्या. म्हणून कळकळीने सांगतो, सुरक्षेच्या अपडेटनंतर रीलोडवर भागवू नका.

कोण जुनी लायब्ररी धरून आहे, हे शोधायची साधनं तयार आहेत. डेबियन आणि उबुंटूवर नीडरीस्टार्ट, रेड हॅटच्या कुळात नीड्स-रीस्टार्टिंग, सुसेवर झिपर पीएस. यादीतल्या सेवा एकेक करून रीस्टार्ट करा. एसएसएचची (दुरून लॉगइन करायची) सेवा रीस्टार्ट केली तरी आधीची उघडी सेशन्स सहसा जुन्याच प्रोसेसवर चालू राहतात. काम झालं की लॉगआउट करून पुन्हा आत या. कंटेनर (प्रोग्रॅम त्याच्या लायब्ररींसकट बांधलेलं पॅकेट) वापरत असाल, तर ते ज्या साच्यातून बनतात त्या इमेजमध्ये लायब्ररीची स्वतंत्र प्रत असते. ती इमेजच नव्याने बांधावी लागते.

कर्नल (लिनक्सचा गाभा) बदललं, तर रीबूट करा. ग्लिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या बाबतीतही माझं मत तेच. ती जवळपास प्रत्येक प्रोसेसमध्ये असते, अगदी सगळ्यात आधी सुरू होणाऱ्या, क्रमांक एकच्या सिस्टमडीमध्येही. एकेक सेवा शोधत बसण्यापेक्षा वेळ ठरवून, वापरणाऱ्यांना आधी कळवून मशीन रीबूट करणं सुरक्षित.

आत्ता तुमच्या मशीनवर फक्त ओपनएसएसएलचा प्रश्न आहे, तेव्हा सेवा रीस्टार्ट करून भागेल. त्यानंतर मॅप्स पुन्हा उघडून पाहा. लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो, या ओपनएसएसएलच्या दोन्ही फाइलींच्या ओळी तपासा.