अमेरिकेतील स्थानिक तुरुंगातील अटकेची नोंद आणि फोटो कुठे पाहता येतात?

अटक नेमकी कोणत्या काउंटीत (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागात) झाली, हे आधी निश्चित करावे; कारण अमेरिकेत अशा नोंदींची एकच देशव्यापी यादी नसून बहुतेक ठिकाणी स्थानिक तुरुंग त्या काउंटीच्या शेरीफकडे (काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडे) असतो आणि त्याच्याच संकेतस्थळावर कैद्यांचा शोध घेण्याची सोय सहसा विनामूल्य असते. पूर्ण नाव व जन्मतारीख हाताशी असल्यास नामसाधर्म्याचा घोळ टळतो. केंद्रीय तुरुंगांतील १९८२ पासूनच्या कैद्यांची माहिती हे तुरुंग चालवणाऱ्या ब्युरो ऑफ प्रिझन्स या केंद्र सरकारच्या विभागाच्या संकेतस्थळावर मिळते, तेथे फोटो मात्र नसतो.

फोटोबाबत राज्यागणिक नियम बदलतात. फ्लोरिडात ते सहज मिळतात. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये त्यांच्या प्रसिद्धीवर निर्बंध आणले. फोटो काढून टाकण्यासाठी पैसे उकळणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून (हा धंदाच मला निलाजरा वाटतो) दूर राहिलेले बरे. कॅलिफोर्नियात अशी वसुली बेकायदा आहे. अटकेची नोंद म्हणजे दोषसिद्धी नव्हे, त्यामुळे आरोप मागे घेतले गेले की खटला अद्याप चालू आहे, हे संबंधित न्यायालयाच्या लिपिक कार्यालयातील नोंदींवरूनच पडताळावे.