मादीचे वय, सोलापूरचा उन्हाळा आणि गेकोची अंडी

प्रश्न : माझ्याकडे लेपर्ड गेकोची (ठिपकेदार पाळीव पालीची) एक जोडी आहे. नर सुमारे दोन वर्षांचा, ६२ ग्रॅम वजनाचा आहे; मादी अकरा महिन्यांची, ४१ ग्रॅमची आहे. दोघेही अल्बिनो (अंगात गडद रंगद्रव्य नसलेले) असून एकाच काचेच्या टाकीत राहतात. जानेवारीतील गड्ड्याची यात्रा संपली की प्रथमच पिल्ले घेण्याचा विचार आहे. थर्मोकोलच्या खोक्यात हीटिंग पॅड आणि थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रक) बसवून इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवण्याची पेटी, तयार केला आहे व तो वरच्या मजल्यावरील खोलीत ठेवणार आहे. आणखी कोणती तयारी करावी?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण ऊब देण्याची सोय नीट केलेली दिसते, परंतु सोलापुरात या कामी खरी अडचण उष्णता रोखण्याची आहे, आणि आपल्या बाबतीत त्याहीआधी मादीच्या वयाची आहे. म्हणून या हंगामात जोडी लावू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

मादी किमान दीड वर्षाची आणि ५० ग्रॅमच्या आसपास वजनाची, शेपटी भरदार असलेली हवी. ती एका खेपेस बहुधा दोन अंडी घालते, पण नराचे वीर्य शरीरात साठवून ठेवत असल्यामुळे एकाच समागमानंतर काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा अंडी घालू शकते, आणि त्यासाठी लागणारे कॅल्शियम व चरबी तिच्याच अंगातून जाते. वाढीच्या वयात हा भार पडला, तर हाडे ठिसूळ होणे, अंडे अडकणे असे प्रकार घडतात. दोघांना आजच वेगळे करावे. ते एकत्र राहत असल्यामुळे मादी आधीच गाभण असण्याची शक्यता आहे, तेव्हा तिच्या टाकीत ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेला, वर भोक पाडलेला डबा आत्ताच ठेवावा. कॅल्शियमची पूड एका झाकणात कायम असू द्यावी आणि आठवड्याला एकदा वजन लिहून ठेवावे. पोट फुगलेले असून ती सतत उकरत असेल, पण अंडी येत नसतील, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे विलंब न करता न्यावे. असा डॉक्टर आधीच शोधून ठेवणे हीदेखील तयारीच होय. त्याच्याकडून दोघांच्या विष्ठेची तपासणी करून घ्यावी, कारण क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या आतड्यातील परजीवीचा संसर्ग पिल्लांपर्यंत पोहोचला तर त्यांना वाचवणे फार अवघड जाते.

आता इन्क्युबेटरविषयी. फेब्रुवारीत जोडी लावली, तर पहिली अंडी मार्चच्या सुमारास येतात आणि पुढच्या खेपांची उबवणी ऐन एप्रिल-मेमध्ये सापडते. त्या दिवसांत सोलापूरचा पारा ४० अंशांपुढे जातो आणि स्लॅबखालची वरची खोली रात्रीही निवत नाही. थर्मोस्टॅट हीटिंग पॅड बंद करील; खोलीपेक्षा खोका थंड करणे मात्र त्याच्या हाती नाही. अंडी साधारण २६ ते ३२ अंशांत उबवतात, आणि ३५ अंशांच्या वर गर्भ दगावण्याचा धोका वाढतो. शिवाय या प्राण्यात पिल्लाचे लिंग तापमानावर ठरते : २६ अंशांच्या आसपास जवळजवळ सर्व माद्या, ३२-३३ अंशांना बहुसंख्य नर आणि त्याहून वर पुन्हा माद्या. म्हणजे खोलीच्या भरवशावर राहिलो, तर पिल्ले नर की मादी हे उन्हाळाच ठरवणार.

यावर उपाय आहे. पेल्टियर पद्धतीचे (कॉम्प्रेसरशिवाय विजेवर थंड होणारे) छोटे थंड कपाट घेऊन त्याला गरम व थंड असे दोन्ही बाजूंनी चालणारा नियंत्रक जोडावा, ते कपाट तळमजल्यावर ठेवावे आणि वीज गेल्यास इन्व्हर्टरवर चालेल असे पाहावे. येता मे महिना यासाठी फार उपयोगी आहे. अंड्यांच्या डब्यात नुसते ओले व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारे हलके खनिज) भरून, आत कमाल-किमान नोंदवणारा तापमापक ठेवून संपूर्ण महिनाभर नोंदी घ्याव्यात. रिकामे यंत्र मेमध्ये २८ अंश धरून ठेवत असेल, तरच पुढच्या वर्षी त्यावर अंडी सोपवावीत. प्रत्यक्ष अंडी आली, की ती न फिरवता उचलून वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करावी आणि तशीच ठेवावीत. उबवणीला तापमानानुसार साधारण दीड ते दोन महिने किंवा थोडे अधिक लागतात.

दोघेही अल्बिनो असल्याने पिल्ले अल्बिनोच होतील, असे गृहीत धरू नये. ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर हे अल्बिनोचे तीन स्वतंत्र वंश आहेत. नर एका वंशाचा आणि मादी दुसऱ्या वंशाची असेल, तर पिल्ले साध्या रंगाची निघतात आणि पुढे त्यांच्या वंशाचा गोंधळ कायमचा होऊन बसतो. विक्रेत्याकडून वंश लेखी घ्यावा. एनिग्मा आणि लेमन फ्रॉस्ट हे गेकोच्या रंगांचे प्रकार मात्र पैदाशीत घेऊच नयेत. पहिल्यात तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष आणि दुसऱ्यात त्वचेच्या रंगपेशींच्या गाठी होतात. माळावर सापडलेला गेको पकडून जोडीस लावणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे. पिंजऱ्यातच पैदास झाल्याची पावती जपून ठेवावी, आणि नोंदणीचा नियम आपल्या प्राण्यांस लागू होतो का, हे सोलापूरच्या वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

एका हंगामात दहा-बारा पिल्ले सहज होऊ शकतात. प्रत्येकास स्वतंत्र डबा लागतो, पहिली कात टाकल्यावर तीन-चार दिवसांत ती खाऊ लागतात आणि तेव्हा लहान आकाराचे किडे रोज हाताशी असावे लागतात. किड्यांची पैदास घरीच करणार असाल, तर ती अंडी येण्याच्या किमान दोन महिने आधी सुरू करावी.