सकाळचा कांद्याचा भाव रात्री पोहोचू नये म्हणून एसएमएसची मुदत कशी ठरवायची?

तुम्ही शेतकऱ्यांना एसएमएसने कांद्याचा भाव पाठवता, पण लासलगावचा सकाळचा भाव फोन बंद असलेल्या शेतकऱ्याला रात्री मिळतो, असं तुम्ही लिहिलंय. मुदत दिली नाही की मोबाइल कंपनीचं संदेश केंद्र (एसएमएस साठवून पुढे पोहोचवणारी यंत्रणा) स्वतःची ठरलेली मुदत लावतं, ती बऱ्याचदा एक-दोन दिवसांची असते. तोवर ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं.

कॅनेल (एसएमएस पाठवणारं मुक्त सॉफ्टवेअर) वापरत असाल तर काम सोपं आहे: पाठवताना व्हॅलिडिटी हा पॅरामीटर मिनिटांत द्या. दोन तासांसाठी १२०.

थेट एसएमपीपीवर (संदेश केंद्राशी बोलण्याची ठरलेली पद्धत) असाल तर व्हॅलिडिटी पीरियड हे १६ अक्षरांचं फील्ड भरावं लागतं. शेवटचं अक्षर आर असेल तर मुदत ‘आत्तापासून इतका वेळ’ अशी धरतात. दोन तासांसाठी सातव्या-आठव्या जागी ०२, बाकी सगळे शून्य. ठरावीक घड्याळी वेळ द्यायची असेल तर शेवटी २२ आणि अधिकचं चिन्ह हवं, कारण आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि हा फरक इथे पाव-पाव तासांत मोजतात, म्हणजे २२. इथेच लोक चुकतात. २२ च्या जागी शून्य टाकलं तर मुदत साडेपाच तास लांबते आणि शिळा भाव पुन्हा पोहोचतोच!

मुदत फार आवळूही नका. निफाडकडे शेतात रेंज येत-जात असते, म्हणून मी भावासाठी दोन तास ठेवीन. गंगापूर धरणाच्या विसर्गाची सूचना मात्र पाणी ओसरेपर्यंत जिवंत राहू दे.

डिलिव्हरी रिपोर्टमध्ये (संदेश पोहोचला की नाही याचा अहवाल) ‘एक्स्पायर्ड’, म्हणजे मुदत संपली, असं आलेले नंबर वेगळे काढा, त्यांना दुपारचा ताजा भाव पाठवा.